गाईचा हिशेब घोडीला लागू पडत नाही: घोडीची पैदास, माजापासून शिंगरापर्यंत

नाशिक जिल्ह्यात घोडी पाळणाऱ्या अनेकांच्या गोठ्यात गाईही असतात. निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या शेतकऱ्याला गाईचे सगळे तोंडपाठ असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, ते एकविसाव्या दिवशी बघायचे, वार (गर्भाला पोसणारे आवरण) पडायला रात्रभर थांबले तरी चालते. गाईसाठी हे सगळे बरोबर आहे. घोडीला मात्र यातली एकही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. तिचा माज लांब असतो आणि बीज फार थोडा वेळ जगते. गाभणपण अकरा महिन्यांचे असते, पण विणे अर्ध्या तासात आटोपते. घोडी वर्षानुवर्षे रिकामी राहते किंवा शिंगरू हाती लागत नाही, त्यामागे बहुतेक वेळा घोड्याचा दोष नसतो. चुकीच्या दिवशी लावणे, चुकीच्या तासापर्यंत वाट पाहणे, हीच कारणे निघतात.

महिना आधी ठरवा

गाय बाराही महिने माजावर येते. घोडीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. उजेड वाढला की मेंदूतले मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होते आणि बीजांड (बीज तयार करणारी ग्रंथी) कामाला लागते. दिवस लहान झाले की ते थंडावते. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात दिवस ११ तासांच्या जरा आत असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या थोडा वर जातो. हा फरक युरोपाइतका मोठा नाही, म्हणून चांगल्या खाण्यावरच्या काही घोड्या इथे हिवाळ्यातही नियमित माज दाखवतात. पण सगळ्यांवर तो भरवसा ठेवता येत नाही. अनेक घोड्यांचे बीजांड नोव्हेंबर ते जानेवारी झोपलेले किंवा अर्धवट जागे असते.

अर्धवट जागे असण्याचा काळ सर्वांत फसवा. फेब्रुवारीच्या आसपास घोडी दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस सलग माज दाखवते, घोड्याला उभी राहते, पण बीज सुटतच नाही. बीजकोश, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या पिशव्या, वाढतात आणि तसेच विरतात. अशा घोडीला चार वेळा लावली तरी ती रिकामीच राहणार. वर्षातला पहिला खरा बीजस्राव झाला की पुढची चक्रे नियमित पडतात.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे बहुधा डिसेंबरात भरते. तिथून घोडी आणायची आणि आठवड्याभरात घोड्याला लावायची, अशी घाई अनेकजण करतात. वर्षातले सर्वांत लहान दिवस तेच. घोडी नवी, प्रवासाने थकलेली, वजन उतरलेली. त्या वेळी लावून पदरी काही पडत नाही. उलट नव्या घोडीबरोबर आलेला आजार गोठ्यात पसरतो. बाजारातून आणलेले जनावर २१ दिवस वेगळे बांधावे. त्याची पाण्याची बादली, खरारा आणि तोबरा वेगळा ठेवावा.

मग कोणता महिना? घोडीचे गाभणपण सरासरी ३४० दिवसांचे, ३२० ते ३६५ दिवसांपर्यंत सगळे स्वाभाविक. १ मार्चला गाभण राहिलेली घोडी पुढच्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विते. थंडी ओसरत असते, जमीन कोरडी असते, लसूणघास भरपूर असतो आणि उन्हाळा तापण्याआधी शिंगरू दोन महिन्यांचे होते. तीच घोडी १० जुलैला गाभण राहिली तर जूनच्या मध्यावर विणार. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ पट्ट्यात त्या वेळी चिखल, माश्या आणि ओला गोठा. नाळेतून संसर्ग होऊन शिंगराचे सांधे सुजतात ते अशाच जागी. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: या जिल्ह्यात फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हाच लावण्याचा काळ धरावा. येवला, नांदगाव, मालेगावच्या कोरड्या पट्ट्यात मेपर्यंत ओढता येतो.

फेब्रुवारीतच पक्का माज हवा असेल तर १ डिसेंबरपासून दिवा लावतात. नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून १६ तास उजेड लागतो आणि परिणाम दिसायला ८ ते १० आठवडे जातात. बारा बाय बारा फुटांच्या खोलीत कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता यावे इतका उजेड पुरतो. वाढीव तास संध्याकाळच्या बाजूला जोडायचे, पहाटे नाही. रोज रात्री वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा दिवा ठेवा. मधेच खंड पडत राहिला तर सगळी मेहनत वाया जाते. रात्रभर दिवा चालू ठेवणेही उपयोगाचे नाही, रोज काही तास अंधार लागतोच.

माज सहा दिवसांचा, बीज अर्ध्या दिवसाचे

हंगामात घोडीचे चक्र २१ ते २२ दिवसांचे. त्यातला माज ५ ते ७ दिवस, उरलेले १४-१५ दिवस ती घोड्याला जवळ येऊ देत नाही. गाईचा माज १८ तासांच्या आसपास संपतो आणि बीज माज ओसरल्यावर सुटते. घोडीत उलटे आहे. बीज माज संपण्याच्या २४ ते ४८ तास आधी, घोडी अजून घोड्याला उभी राहत असतानाच सुटते. आणि सुटलेले बीज जेमतेम १२ तास फळण्याजोगे राहते.

घोड्याचे शुक्रजंतू घोडीच्या शरीरात साधारण ४८ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतात. म्हणजे शुक्रजंतूंनी आधी पोचून बीजाची वाट पाहायची, हाच मार्ग. 'आज माज दिसला, आज लावली, काम झाले' हा गाईचा नियम इथे पार बिघडतो. माजाच्या पहिल्या दिवशी लावले आणि बीज सहाव्या दिवशी सुटले तर मधे चार-पाच दिवस गेले. तोवर शुक्रजंतू बहुधा संपलेले असतात.

सोनोग्राफीची सोय नसेल तर साधा आणि चांगला नियम असा: माजाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड लावायचे, घोडी नाकारेपर्यंत. एका माजात दोन-तीन वेळा. रोज लावण्याची गरज नाही, त्याने गर्भाशयावर उगाच भार पडतो.

सोनोग्राफी असेल तर एकदाच लावून भागते. बीजकोश दिवसाला साधारण ३ मिलिमीटर वाढतो. तो ३५ मिलिमीटरच्या वर गेला आणि गर्भाशयाच्या घड्या पडद्यावर संत्र्याच्या फोडींसारख्या सुजलेल्या दिसल्या की डॉक्टर एचसीजी या बीज सोडवणाऱ्या संप्रेरकाचे १५०० ते ३००० युनिटचे इंजेक्शन देतात. त्यानंतर ३६ ते ४८ तासांत बीज सुटते. इंजेक्शनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावले की वेळ जुळते. लावल्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. बीज सुटले का, गर्भाशयात पाणी साचले का आणि बीज एक सुटले की दोन, हे तीन प्रश्न त्या एका तपासणीत सुटतात.

माज ओळखायचा कसा? गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते. एकटी बांधलेली घोडी यातले काहीच करत नाही. घोडा समोर आल्याशिवाय तिचा माज दिसत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. छातीइतक्या उंचीची भक्कम आडवी फळी मधे ठेवून घोडा तिच्या तोंडाशी, मग कुशीशी आणावा आणि पाच-दहा मिनिटे पाहावे. माजावरची घोडी शेपूट उचलते, मागचे पाय फाकून खाली बसल्यासारखी होते, थोडे थोडे मुतते आणि योनीचे ओठ पुन्हा पुन्हा उघडझाप करते. माजावर नसलेली कान मागे टाकते, किंचाळते, लाथ झाडते. पिलू पायाशी असलेली घोडी शिंगराच्या काळजीने माज लपवते. तिला दाखवताना शिंगरू तिच्या नजरेसमोर, पण दुसऱ्या माणसाच्या हातात असावे. मागचा माज संपल्यापासून तेराव्या-चौदाव्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवायला सुरुवात करावी आणि प्रत्येक वेळी काय दिसले ते तारखेसह वहीत लिहावे. दोन चक्रांची नोंद झाली की त्या घोडीचा माज किती दिवस चालतो ते कळते आणि पुढचा अंदाज बराच नेमका बसतो.

लावण्याआधीची तपासणी

घोड्याच्या फीला लोक हजारो रुपये मोजतात आणि घोडीच्या तपासणीला काहीच नाही. हा उलटा खर्च आहे. रिकाम्या राहिलेल्या घोडीत संशय सर्वांत आधी गर्भाशयाच्या संसर्गाचा घ्यावा. माजाच्या सुरुवातीला गर्भाशयातला नमुना घेऊन जंतू आणि पेशी पाहतात. जंतू निघाले तर औषध त्या जंतूनुसार ठरते. अंदाजाने प्रतिजैविक सोडत राहिले की बुरशी वाढते आणि ती काढणे जास्त कठीण जाते.

दुसरे, मागून नीट पाहा. योनीचे ओठ उभे आणि घट्ट मिटलेले हवेत. गुदद्वार आत ओढले गेलेले असेल आणि ओठ तिरपे पडले असतील तर शेण त्यावरच पडते, चालताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. वय झालेल्या, बारीक झालेल्या घोड्यांत हे हमखास दिसते. वरच्या भागाला टाके घालून तो बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे, त्याला कॅसलिक म्हणतात. टाके घातलेली घोडी विण्याआधी उघडावीच लागते, नाहीतर विताना ती जागा फाटते. म्हणून टाके घातल्याची नोंद वहीत ठळक असावी. घोडी विकली तर घेणाऱ्याला ते सांगणे हे विकणाऱ्याचे कामच आहे.

तिसरे, अंगावरचे मांस. बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की सहज लागतात, इतकी भरलेली घोडी लवकर गाभण राहते. लग्नसराईत राबून उतरलेल्या घोडीला आधी सहा-आठ आठवडे खाऊ घालावे.

ग्लँडर्सची तपासणी टाळू नका. हा आजार माणसालाही होतो, जनावरावर उपचार नाहीत आणि कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. घोडा आणि घोडी दोघांचाही अहवाल हातात असल्याशिवाय एकत्र आणू नयेत. पावसाळ्यानंतर माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजारही त्याच वेळी तपासून घ्यावा.

घोड्याची बाजू

तीन वर्षांच्या घोड्याला हंगामात दहा-पंधरा घोड्यांपेक्षा जास्त देऊ नये. प्रौढ घोडा नैसर्गिक पद्धतीने चाळीसच्या आसपास पेलतो. शुक्रजंतू तयार व्हायला ५७ दिवस लागतात, त्यामुळे आज आलेल्या तापाचा किंवा मालेगावच्या मे महिन्यातल्या उन्हाचा फटका पुढचे दोन महिने दिसत राहतो. घोडा चढतो, उतरतो, सगळे व्यवस्थित दिसते आणि घोड्या मात्र उलटत राहतात. अशा वेळी घोडीला दोष देण्याआधी घोड्याचे वीर्य तपासून घ्या. पुढे सरळ धावणारे शुक्रजंतू निम्म्याहून बरेच जास्त असायला हवेत.

लावताना घोडीच्या शेपटीला स्वच्छ पट्टी गुंडाळा. मागचा भाग साध्या पाण्याने तीनदा धुऊन कोरडा पुसा, कारण पाणी शुक्रजंतूंना मारते. घोड्याचे लिंग कोमट साध्या पाण्यानेच धुवावे. रोज साबण किंवा जंतुनाशक लावले की त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू जातात आणि त्यांच्या जागी घातक जंतू येऊन बसतात. घोडीचे मागचे नाल काढलेले असावेत. दोघांचे धरणारे एकाच बाजूला उभे राहावेत, म्हणजे गडबड झाली तर दोन्ही जनावरे एकाच दिशेने दूर ओढता येतात. घोड्याची शेपूट वरखाली हलली की वीर्य पडले असे समजावे. ती हलली नाही तर तो फक्त चढून उतरला आहे. नंतर घोडीला पळवणे किंवा पाठीवर गार पाणी मारणे याने काही साधत नाही.

भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशा अंगावरच्या खुणांवर बाजारात भाव ठरतो. पैदाशीसाठी घोडा निवडताना पाय, खूर, दात आणि स्वभाव आधी बघावेत, कारण शिंगरात ते उतरतात. बाप-लेक, भाऊ-बहीण जोडणे टाळायचे, एवढा नियम लहान पाळणाऱ्याला पुरतो. मारवाडी, काठियावाडी किंवा आपली भीमथडी, जात कोणतीही असो, वंशाची नोंद ठेवली नाही तर तिसऱ्या पिढीत कोण कोणाचे ते कळेनासे होते.

पंधराव्या दिवसाची सोनोग्राफी

गाय दोन-तीन महिन्यांनी हात घालून तपासली तरी चालते. घोडीला इतके थांबणे महाग पडते आणि त्याचे कारण जुळी. घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरांना पुरेल इतकी वारेची जागा नसते. जुळी राहिली तर बहुतेक घोड्या सातव्या ते नवव्या महिन्यात गाभडतात. पूर्ण दिवस भरले तरी शिंगरे अशक्त निघतात आणि घोडीच्या जिवावर बेतते.

बीज सुटल्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाची पिशवी गर्भाशयात हलत असते. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी दोन पिशव्या दिसल्या तर त्या वेगळ्या करून एक दाबून फोडता येते आणि दुसरी बहुतेक वेळा वाचते. सतराव्या दिवसानंतर दोन्ही जागा धरतात, बहुधा एकमेकींना चिकटूनच. मग काम अवघड होते. साधारण ३६ व्या दिवसापासून गर्भाशयात विशेष पेशींचे पेले तयार होतात आणि पीएमएसजी हे संप्रेरक सोडू लागतात. यानंतर गर्भ गेला तरी हे पेले जवळजवळ चौथ्या महिन्यापर्यंत टिकतात आणि घोडी नीट माजावर येत नाही. म्हणजे त्या वर्षाचा हंगाम हातचा गेला. म्हणून निर्णय ३५ दिवसांच्या आत घ्यायचा.

दुसरी तपासणी २५ ते ३० व्या दिवशी, तेव्हा हृदयाचे ठोके दिसतात. तिसरी ४५ च्या आसपास आणि शेवटची ६० व्या दिवशी. खर्च वाचवायचाच असेल तर मधली कोणतीही गाळा, पंधराव्या दिवसाची गाळू नका.

तपासताना घोडीला आवर नसेल तर आतड्याला इजा होते, म्हणून घोड्यांचा हात असलेलाच डॉक्टर बोलवावा. जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा बराचसा दिवस गाई-म्हशींत जातो. जवळ असा कोणी नसेल तर मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारणा करावी.

अकरा महिने

पहिले सात महिने घोडीला नेहमीचा आहार पुरतो. पोटातल्या शिंगराचे निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते, भर तेव्हा घालायची. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ७ ते ८ किलो कोरड्या वजनाचा चारा-दाणा लागतो. त्यातला किमान ५ किलो चाराच हवा: कडबा, बाजरीचे सरमाड, गवत आणि त्यात लसूणघास. दाणा शेवटच्या तिमाहीत दिवसाला २ ते ३ किलो, एका वेळी दीड किलोच्या वर नाही. रोज ३० ते ४० ग्रॅम मीठ आणि खनिज मिश्रण.

आपल्याकडे चार चुका फार होतात. गव्हाचा कोंडा पोटभर घालतात. त्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो, त्यामुळे हाडांतले कॅल्शियम निघून जाते, घोडी लंगडते, चेहऱ्याचे हाड सुजते. कोंडा दाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको. दुसरे, बुरशी धरलेला मका. गाईच्या पोटात जो पचून जाईल तो घोड्याचा मेंदू कायमचा खराब करू शकतो. काळपट, वास मारणारा मका घोडीसमोर जाताच कामा नये. तिसरे, हिरवी ज्वारी. तिच्यातल्या विषाने घोडीचे मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होतात आणि गाभण घोडी सतत ती खात राहिली तर वाकड्या सांध्यांचे शिंगरू जन्मते. पूर्ण वाळलेला कडबा वेगळी गोष्ट आहे. चौथे, खास आपल्या भागातले: चाळीतला सडका कांदा आणि कांद्याची पात. कांद्याने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते.

द्राक्षबागेतले गवत कापून घालत असाल तर फवारणीची तारीख विचारल्याशिवाय घालू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. त्या दिवसांत बागेच्या बांधावर घोडी सोडायचीच नाही.

वरातीच्या घोडीचा प्रश्न वेगळा. मार्चमध्ये गाभण राहिलेली घोडी तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत आठ-नऊ महिन्यांची असते. सातव्या महिन्यापर्यंत हलके काम चालते. पुढे डीजे, फटाके आणि तासन् तास रस्त्यावर उभे राहणे बंद. ज्याला तो हंगाम सोडणे परवडत नाही त्याने त्या घोडीवर पैदास घेऊ नये.

लसींचा क्रम सोपा आहे. गाभडवणाऱ्या हर्पिस विषाणूची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात. धनुर्वाताची विण्याआधी ४ ते ६ आठवडे, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळते. गाभडलीच, तर गर्भ आणि वार हातमोजे घालून उचला, बर्फात ठेवून डॉक्टरांकडे तपासणीला द्या आणि बाकीच्या गाभण घोड्या त्या जागेपासून दूर न्या.

विण्याची रात्र

घोड्या बहुतेक रात्री वितात, माणसांची वर्दळ थांबल्यावर. दोन ते चार आठवडे आधी कास भरू लागते. शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू सैल पडतात. सडाच्या टोकावर मेणासारखे पिवळे थेंब जमले की बहुधा एक ते चार दिवस उरले. खोली किमान बारा बाय बारा फुटांची, चौदा बाय चौदा असेल तर उत्तम. खाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकाला चिकटतो.

सुरुवातीला घोडी अस्वस्थ होते, घामाघूम होते, उठबस करते. हे एक ते चार तास चालू शकते. पाणमोट फुटली की घड्याळ बघा. तिथून शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला हवे. गाईला दोन तास देतो तसे इथे देता येत नाहीत. वीस मिनिटांत पुढे सरकत नसेल तर फोन लावायला उशीर झाला, असेच समजा. दहा मिनिटांत पाय दिसले नाहीत तर तेव्हाच लावायचा.

बरोबर स्थिती अशी: पुढचे दोन पाय, एक थोडा पुढे, तळवे खाली आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक, सगळे पांढरट पारदर्शक पडद्यात. तळवे वर असतील, एकच पाय असेल किंवा नाक सापडत नसेल तर घोडीला उठवून चालवत ठेवा. त्याने कळा मंदावतात आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतो. ओढायचेच झाले तर फक्त कळेबरोबर, घोडीच्या मागच्या पायांच्या दिशेने खाली.

पांढऱ्या पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर थांबू नका. वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटला आहे. स्वच्छ कात्रीने पिशवी लगेच कापून शिंगरू बाहेर काढायचे. इथे डॉक्टरची वाट पाहणे म्हणजे शिंगरू गमावणे.

शिंगरू बाहेर आल्यावर नाकावरचा पडदा दूर करा आणि दोघांना पडून राहू द्या. नाळ घोडी उठताना आपोआप तुटते, पोटापासून इंचभर अंतरावर. कापण्याची घाई नको. तुटलेले टोक ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवावे, पहिले तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा. तीव्र आयोडीन त्वचा जाळते.

एक, दोन, तीन

एका तासात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. यातली जी गोष्ट वेळेत झाली नाही तिच्यासाठी डॉक्टरला बोलवायचे.

वारेबद्दल गाईची सवय सर्वांत घातक. गाईला बारा तास देतात. घोडीची वार तीन तासांच्या पुढे राहिली की विष रक्तात उतरू लागते आणि एक-दोन दिवसांत लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली सूज, होतो. मग घोडी वाचली तरी पाय वाचत नाहीत. वार ओढू नका, तिला वजन बांधू नका. लोंबणारा भाग घोट्यांच्या वर गाठ मारून ठेवा आणि ऑक्सिटोसिनसाठी डॉक्टरला बोलवा. पडलेली वार जमिनीवर पसरून पाहा. गर्भाशयाला दोन फाटे असतात, त्यांना शिंगे म्हणतात. वारेच्याही दोन्ही शिंगांची टोके शाबूत हवीत. शिंगरू नसलेल्या, रिकाम्या शिंगाचे टोक आत राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून तेच आधी शोधा. संशय असेल तर वार बादलीत झाकून डॉक्टर येईपर्यंत ठेवा.

शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक प्रथिने जवळपास नसतात, ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते. पहिल्या सहा तासांत साधारण एक लिटर चीक पोटात जायला हवा. विण्याआधी दिवसभर चीक गळत असेल तर तो स्वच्छ भांड्यात काढून गोठवून ठेवा, नाहीतर शिंगराच्या वाट्याला नुसते दूध येते. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवावा, उकळू नये. १८ ते २४ तासांत शिंगराच्या रक्तात ही प्रथिने (आयजीजी) ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आहे का ते तपासून घेता येते. कमी असेल तर प्लाझ्मा देतात.

निरोगी शिंगरू तासात पाच-सहा वेळा पिते. कास टचटचीत भरली असेल आणि शिंगराच्या कपाळावर दूध सांडलेले दिसत असेल तर ते कासेखाली उभे राहते पण पीत नाही. हे आजाराचे पहिले लक्षण आहे, तापाच्याही आधीचे. काळी चिकट पहिली विष्ठा दिवसभरात पडली नाही आणि शिंगरू शेपूट उचलून कुंथत असेल तर एनिमा लागतो.

पुन्हा कधी लावायची

विल्यानंतर ५ ते १२ दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. त्याच दिवसांत शिंगराची विष्ठा किंचित पातळ होते. पीत असेल, खेळत असेल तर काळजी नको. या माजाला लावावे की नाही यावर वाद आहे, पण हिशेब साधा आहे. गर्भ बीज सुटल्यानंतर साधारण सहाव्या दिवशी गर्भाशयात उतरतो आणि गर्भाशय पूर्ववत व्हायला पंधरा दिवस लागतात. म्हणून बीज दहाव्या दिवसानंतर सुटणार असेल, विणे सुरळीत झाले असेल, वार वेळेत पडली असेल आणि सोनोग्राफीत पाणी नसेल, तरच या माजाला लावावे. यातली एक अट जरी चुकली तरी हा माज सोडा. बीज सुटल्यानंतर पाच-सहा दिवसांनी डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन पुढचा माज आठवडाभर लवकर आणू शकतात. त्या आधी दिले तर काम करत नाही. इंजेक्शननंतर घोडीला घाम येतो, पोटात मुरडा आल्यासारखे होते, ते तासाभरात ओसरते. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे औषध हाताळू नये, ते त्वचेतून शरीरात जाते.

दरवर्षी त्याच तारखेला शिंगरू हवे असेल तर ३४० दिवस वजा जाता घोडीला गाभण राहायला फक्त २५ दिवस मिळतात. त्यामुळे विण्याची तारीख दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि तीन-चार वर्षांत पावसाळ्यात पोचते. एप्रिलअखेरीपर्यंत गाभण राहिली नाही आणि तुमचा गोठा घाटमाथ्यावर असेल, तर ते वर्ष रिकामे सोडून पुढच्या १ डिसेंबरला दिवा लावावा.